मालक, तुमचा पगार किती?

विक्री वाढते, गावात नाव होतं, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. छोट्या धंद्याचं हे जुनं दुखणं. जाणता सल्लागार त्याची नाडी कशी पाहतो?

डोंबिवलीतली एक जुनी इमारत डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत सकाळी आठपासून चकलीचे घाणे पडताहेत. चार बायका सोऱ्या घेऊन बसल्या आहेत, पाचवी झारा घेऊन कढईपाशी उभी आहे आणि मालकीणबाई एकाच वेळी पीठ मळताहेत, फोन घेताहेत आणि गॅसवाल्याला सुटे पैसे देताहेत. धंदा पंधरा वर्षांचा. पाच दुकानांत माल जातो. दिवाळीत तर ऑर्डरी घेता घेता नाकी नऊ येतात. यजमानांनी नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली आणि तेही याच कामाला लागले. बघणारा म्हणेल, छान चाललंय!

आतली गोष्ट वेगळी आहे. दर वर्षी गणपतीच्या सुमारास बाईंच्या हातातल्या बांगड्या गहाण जातात. तेल, तांदूळ, डाळी भरायला रोख लागते ना! दिवाळीनंतर व्याजासह पैसे भरून त्या सोडवायच्या, की पुढच्या गणपतीला पुन्हा तीच वाट. मुलीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली की गल्ला उघडायचा आणि गल्ला रिकामा असला की यजमानांच्या पेन्शनला हात लावायचा.

अशा घरात सल्लागार येतो, तेव्हा त्याला बहुतेक एकच गोष्ट सांगितली जाते. "सर, मोठं मशीन घ्यायचंय. तेवढं कर्जाचं बघा."

कच्चा सल्लागार लगेच फॉर्म काढतो. मुरलेला सल्लागार मात्र बाईंकडे वळून विचारतो, "ताई, तुमचा पगार किती?"

ताई हसतात. "मालकाला कसला आलाय पगार? उरेल ते आपलंच की!"

या "उरेल ते आपलंच"मध्येच सगळी मेख आहे.

दोन खिसे, एक गल्ला

छोट्या धंद्यात घर आणि दुकान यांच्यामध्ये भिंत नसते. गल्ल्यातूनच भाजी येते, गल्ल्यातूनच भाच्याच्या लग्नाचा आहेर जातो आणि वाण्याच्या बिलात घरची साखर नि दुकानाची साखर एकाच ओळीत असते. वर्षाच्या शेवटी सीए कागद मागतो. मिळतील त्या कागदांवरून विवरणपत्र भरून देतो. त्यातून कर किती भरायचा ते कळतं, पण पैसा कुठे मुरला ते कळत नाही. सीए सहसा सरलेल्या वर्षाचा हिशेब मांडतो. सल्लागाराला येत्या तीन महिन्यांची काळजी असते. दोघांची गरज असते, पण दोघांचं काम एक नव्हे.

म्हणून पहिलं पाऊल अगदी साधं असतं. धंद्याचं बँक खातं वेगळं. विक्रीचा प्रत्येक रुपया त्यात आला पाहिजे आणि धंद्याचा प्रत्येक खर्च त्यातूनच गेला पाहिजे. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यातून ताईंच्या खात्यात ठरलेली रक्कम जमा करायची. सुरुवातीला सहा हजार का असेना! रक्कम लहान असली तरी चालेल, तारीख चुकता कामा नये. घरखर्च त्या सहा हजारांत आणि यजमानांच्या पेन्शनमध्ये. गल्ल्याला हात लावायचा नाही.

ऐकायला सोपं, करायला कठीण! दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी गल्ल्यातून पाचशेची नोट काढतं. सल्लागार त्यावर रागावत नाही. तो गल्ल्याशेजारी एक वही ठेवायला सांगतो. काढलंत तर लिहा, बस्स. महिन्याभरानं त्या वहीची बेरीज त्याच घरातली माणसं करतात आणि डोळे विस्फारतात. सल्लागारानं व्याख्यान देऊन जे साधलं नसतं, ते त्यांच्याच हस्ताक्षरातली बेरीज साधते.

एका घाण्याचा हिशेब

पुढच्या भेटीत तो येताना वजनकाटा घेऊन येतो. कर्जाचा विषय अजून बाजूलाच! "आज आपण दहा किलो चकलीचा हिशेब करू," म्हणतो.

दुकानांना चकली तीनशे वीस रुपये किलोनं जाते, म्हणजे दहा किलोचे ३,२०० रुपये. खर्च किती? ताईंना तोंडपाठ आहे. भाजणी, तेल, तीळ, मसाला मिळून १,७५०. पिशव्या आणि लेबलं २००. एकूण १,९५०. "म्हणजे बाराशे पन्नास सुटतात," ताई समाधानानं सांगतात.

मग सल्लागार एकेक आकडा खाली लिहीत जातो.

गॅस : १५० रुपये.
मदतनीस बायकांची मजुरी : ६०० रुपये.
माल पोचवण्याचं रिक्षाभाडं : १२० रुपये.
चुरा आणि दुकानांतून परत आलेला माल : १६० रुपये.

इथवर बेरीज २,९८० होते. किलोमागे बावीस रुपये उरतात. बाराशे पन्नासाचे दोनशे वीस झाले, तरी ताई म्हणतात, "चला, सुटतात तर खरे!"

"आणि तुमचे स्वतःचे पाच तास?" सल्लागार विचारतो. "तुमच्या जागी बाहेरची बाई ठेवली, तर ती तासाला ऐंशी रुपये तरी घेईल. त्याचे चारशे."

बेरीज ३,३८० होते. आणि मिळतात ३,२००! किलोमागे अठरा रुपये पदरचे घालून ताई गावाला चकली खिलवत होत्या.

खोलीत क्षणभर कुणी बोलत नाही. चकलीचं प्रमाण सासूबाईंच्या हातचं. त्या चकलीवरच तर नाव झालं! चांगल्या सल्लागाराची खरी परीक्षा इथे असते. "चकली बंद करा," असं तो म्हणाला तर हिशेब बरोबर ठरेल, पण माणूस तुटेल. तो त्याच कागदाच्या मागच्या बाजूला दुसरा हिशेब मांडतो, थालीपीठाच्या भाजणीचा. तिला तळण नाही, चुरा नाही. दुकानात महिनाभर राहिली तरी परत येत नाही. ताईंची मेहनत धरूनही किलोमागे पंचेचाळीस रुपये सुटतात. आणि आजवर या भाजणीची गणती कशात? "चकलीतून उरली तर भरायची पाकिटं," एवढीच!

आता मशीनचा प्रश्न आपोआप सुटतो. आठ लाखांचं कर्ज मिळणं अशक्य नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंत तारण लागत नाही. मशीननं मजुरीचे थोडे पैसे वाचतील हेही खरं. पण त्याबरोबर दरमहा हप्ता सुरू होईल आणि तो भरायला आजच्याच भावानं दुप्पट चकली विकावी लागेल. किलोमागे अठरा रुपये जात असताना मशीन तोटा थांबवणार नाही, तो अधिक वेगानं तळून देईल.

आपल्याच घरातलं उदाहरण

घरच्या बाईची मेहनत खर्चात धरायची, ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. लिज्जतमध्ये पापड लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक समजली जाते. मालक असूनही तिला लाटण्याचा मोबदला मिळतो. मेहनतीचे पैसे आधी, नफ्याची वाटणी नंतर! ज्या धंद्यात मालकिणीचे हात फुकट धरले जातात, तिथे मालाचा भाव चुकीचाच ठरतो.

का? का? का?

अनुभवी सल्लागाराजवळ आणखी एक हत्यार असतं. लहान मुलासारखं "का?" विचारत राहायचं. जपानमध्ये टोयोटा मोटारींच्या कारखान्यात ओनो या उत्पादनतज्ज्ञानं ही पद्धत रुजवली. काही बिघडलं की पाच वेळा "का?" विचारायचं, म्हणजे वरवरचं कारण गळून पडतं आणि मूळ हाती लागतं. कारखान्यात जे यंत्राला लागू, ते डोंबिवलीतल्या दोन खोल्यांनाही लागू.

बांगड्या गहाण का जातात? तेल-डाळ भरायला रोख नसते म्हणून.

रोख का नसते? दुकानदारांकडे एक लाख ऐंशी हजार येणं अडकलंय म्हणून.

का अडकलंय? बिलावर पैसे देण्याची तारीखच नसते म्हणून.

तारीख का घालत नाही? मागायचा संकोच वाटतो म्हणून. इथे यजमान मान खाली घालतात, कारण वसुली त्यांच्याकडे.

संकोच का? "माल बंद केला तर? सगळा धंदा त्या पाच दुकानांवर तर आहे!"

सापडलं मूळ! सावकार, बँक, तेलाचे भाव ही सगळी वरची पानं. मुळाशी आहे ती पाच दुकानांची भीती.

उधारीला तारीख

ही भीती कमी करायला कायद्याचा थोडा आधार आहे आणि तो फार थोड्या घरांना ठाऊक असतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्यानुसार, नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला, तर लेखी करार नसताना पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार असला तरी मुदत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्यापुढे उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागू होतं. राज्याच्या सुविधा परिषदेकडे दादही मागता येते. शिवाय एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरात अशी तरतूद लागू झाली, की मुदतीत न चुकवलेली अशी देणी प्रत्यक्ष चुकती केल्याशिवाय घेणाऱ्याला खर्चात दाखवता येत नाहीत. त्यामुळे मोठ्या दुकानाचा हिशेबनीसच आता "या लहान पार्टीचं पेमेंट आधी करा" म्हणू लागतो.

या सगळ्यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी. जुलै २०२० पासून ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन क्रमांकांवर होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. "नोंदणी करून देतो, दोन हजार द्या," म्हणणाऱ्याला हात जोडावेत. एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. म्हणजे आपल्या ओळखीचे बहुतेक घरगुती धंदे त्यात बसतात.

पण सल्लागार लगेच नोटीस काढायला सांगत नाही. कायदा खिशात असू द्यावा, ओठांवर गोड बोलणंच असावं. तो एवढंच करायला लावतो. नव्या प्रत्येक बिलावर ठळक अक्षरांत देय तारीख आणि उद्यम क्रमांक छापायचा. तारखेच्या दोन दिवस आधी फोन करायचा. आणि फोन यजमानांनी नव्हे, मुलीनं करायचा. ती वाणिज्य शाखेला शिकते. तिला "काका, परवा बिलाची तारीख आहे बरं का" म्हणायला संकोच वाटत नाही.

प्रमाण कुणाच्या डोक्यात?

मध्येच ताईंना बहिणीच्या मुलाच्या लग्नासाठी नागपूरला जावं लागतं. चार दिवस घाणा बंद! कारण भाजणीचं प्रमाण फक्त त्यांनाच माहीत. सल्लागार सुचवतो, "प्रमाण लिहून भिंतीवर लावा." ताई चपापतात. "आणि एखादी बाई तेच घेऊन शेजारी धंदा उघडून बसली तर?"

ही शंका खुळी नाही. माणसं शिकून जातात आणि समोर दुकान थाटतात, हे सगळ्याच बाजारांत घडतं. म्हणून सल्लागार आपलं म्हणणं रेटत नाही, मधला मार्ग विचारतो. तोही त्याच घरातून निघतो. डाळी-तांदळाचं भाजणं, पीठ मळणं, तळणं हे सारं बायकांना शिकवायचं. तिखट-मसाल्याचं मिश्रण मात्र ताईंनी रविवारी एकदम करून, पाच किलो पिठाला एक या मापानं पुड्या बांधून ठेवायचं. गुपित घरात राहिलं आणि ताई मोकळ्या झाल्या. हा तोडगा पुस्तकातला नाही. कढईपाशी उभ्या असणाऱ्या बाईनंच तो सुचवला. मालक मोकळा झाला की मगच त्याला धंद्याकडे लांबून बघता येतं. तोवर तो आपल्याच दुकानातला सगळ्यांत जास्त राबणारा आणि सगळ्यांत कमी मिळवणारा नोकर असतो.

एका वेळी एकच पाऊल

यादी आता लांबलचक झाली. भाव वाढवायचा, थेट गिऱ्हाईक वाढवायचं, भाजणीची विक्री वाढवायची, उधारी आणायची. उत्साही माणूस सोमवारी सगळं सुरू करतो आणि शनिवारी सगळं सोडतो. जाणता सल्लागार एकच काम देतो, त्याला पंधरा दिवसांची मुदत देतो आणि सोळाव्या दिवशी स्वतः येऊन विचारतो, झालं का? नसेल झालं, तर "का नाही केलंत?" असं दरडावत नाही. "कुठे अडलं?" असं विचारतो. दोन्हींत फार फरक आहे.

चकलीचा भाव तीनशे साठ केल्यावर पाचपैकी दोन दुकानांनी माल बंद केला, असंही होऊ शकतं. नव्हे, होतंच. त्या महिन्यात विक्री घटते, घरात धुसफुस होते, यजमान म्हणतात, "बरं चाललं होतं ते मोडलं." इथे पुन्हा कागद कामाला येतो. भाव वाढल्यावर ताईंची मेहनत धरूनही किलोमागे बावीस रुपये उरताहेत. म्हणजे कमी तळून जास्त सुटतंय. वाचलेल्या वेळात भाजणीची पाकिटं भरली जातात. सोसायटीतल्या, शाळेच्या गटातल्या, मुंबई-पुण्यापासून बडोदा-इंदूरपर्यंतच्या नातेवाइकांकडून दिवाळीच्या ऑर्डरी दीड महिना आधी घेतल्या जातात. अर्धे पैसे आगाऊ! याच आगाऊ रकमेत तेल-डाळ भरली जाते.

सल्लागार कसा पारखाल?

सगळे सल्लागार असे नसतात. काही पहिल्याच भेटीत छापील योजना हातात ठेवतात. तीच योजना त्यांनी काल गॅरेजवाल्याला दिलेली असते. काही जण कर्ज मंजूर करून देण्याचा टक्का मागतात. त्यांचा फायदा कर्ज मोठं होण्यात असतो, धंदा सुधारण्यात नव्हे. तेव्हा काही गोष्टी आधीच पाहाव्यात. तो बोलतो जास्त की विचारतो जास्त? कामाच्या जागी येऊन बसतो की कार्यालयातच बोलावतो? फी किती, कशाची आणि किती महिन्यांची, हे लेखी देतो का? आणि मुख्य म्हणजे, आपली गरज संपेल अशा बेतानं काम करतो का?

फी परवडत नसेल, तरी वाटा बंद नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा उद्योग केंद्र आहे. महाराष्ट्रात १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र प्रशिक्षण वर्ग घेतं. इतर राज्यांतल्या मराठी मंडळींना केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची कार्यालयं आहेत. आणि काहीच नसेल, तर रात्री जेवणं उरकल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून एका घाण्याचा हिशेब मांडावा. शिंपीकाम असेल तर एका ब्लाउजचा, खानावळ असेल तर एका डब्याचा, वर्कशॉप असेल तर एका जॉबचा. फक्त त्यात घरच्या माणसांचे तास लिहायला विसरू नये.

डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांकडे पुन्हा एकदा वळा. गणपती येऊन गेले आहेत. दुकानांकडचं येणं अजून पूर्ण आलेलं नाही, साठ हजार बाकी आहेत. मशीन आलेलं नाही. त्याचा विचार आता संक्रांतीनंतर होणार आहे. पण भिंतीवरच्या कॅलेंडरात दर महिन्याच्या एक तारखेवर लाल गोल आहे आणि त्याखाली मुलीच्या अक्षरात लिहिलंय, "आईचा पगार." सहाचे आता नऊ हजार झाले आहेत.

आणि पीठ मळायला बसण्याआधी ताईंना एक काम नव्यानं करावं लागतंय. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवण्याचं.